पाहुणे गोठ्यात, गाय अंगणात

१३ फेब्रुवारी १९६५

कंबर मोडली! दोन दिवस गोठा धुतोय. उद्या बहिणीला, सिंधूला बघायला साखरखेर्ड्याचे पाहुणे येणार. चौदा जण! आमचं घर दीड खोलीचं, म्हणून बैठक गोठ्यात. शेण खरवडलं, चुना मारला, शेजारून सतरंज्या मागून आणल्या. जनावरं सगळी अंगणात.

सिंधू म्हणाली, "चांदीले तरी आत राहू द्या. दिवस भरले हायेत तिचे."

"मंग पाहुण्याइले शेणाच्या वासात बसवू का?" — बाबा.

ही गाय सिंधूनेच लहानाची मोठी केली. बाबांनी तिची शिंगं रंगवली, बैठकीसमोरच खुंटा ठोकला आणि दाव्याऐवजी नवीकोरी लोखंडी साखळी लावली. पाहुण्यांना दिसली पाहिजे ना! हौसेला मोल नसतं म्हणे, पण लाज असावी.

१४ फेब्रुवारी

गारा पडल्या. लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी

पोहे झाले होते. सिंधू येऊन पाटावर बसली, मी तिच्या शेजारी. नाव काय, भाकरी येते का, निंदायला जाते का — तेच ते. एकाएकी अंधारून आलं, आणि पत्र्यावर धाडधाड सुरू! लिंबाएवढ्या गारा. बैल दावी तोडून पळाले. चांदीची साखळी तुटेना. दहा पावलांवर, आमच्या डोळ्यांदेखत ती हंबरत होती, गुडघ्यांवर पडत होती, पुन्हा उठत होती.

आईने गारा थांबाव्यात म्हणून दारातून अंगणात मुसळ फेकलं. गाय सोडायला कोणी गेलं नाही. गाय आत घ्यायची तर पाहुण्यांना उठवावं लागणार! बाबा आपले हात जोडून, "बसा, बसा, आत्ता थांबन." मुलाचे काका भगवानराव यांनी माझ्या ताज्या चुन्यावर पानाची पिंक टाकली आणि विचारलं, "दूध किती देते हो गाय?" दुसऱ्या एकाने आणखी पोहे मागितले. शी! त्या तेलकट मिश्या अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

आणि सिंधूसुद्धा! खाली मान घालून बसून राहिली. तिचीही किळस आली मला.

दिवस मावळताना चांदी व्याली. वासरू मेलेलंच. तिचा डावा डोळा गेला.

१६ फेब्रुवारी

बाबा येईल त्याला सांगतात, "देवाची करनी, आपन काय करनार?" गारा असतील देवाच्या. साखळी तर बाबांनीच बाजारातून आणली होती. मी तसं बोललो, तर म्हणाले, "तू काऊन गेला नाही मंग?" उठून शेतात निघून गेलो.

सिंधू चांदीच्या पाठीला हळद-तेल लावत बसते. माझ्याशी बोलत नाही.

१८ फेब्रुवारी

निरोप आला. मुलगी पसंत!

भगवानरावांचा माणूस ओसरीवर बसून सांगत होता — "काका म्हनतात, पोरगी लाखात एक. एवढा कल्लोळ झाला, गाय बोंबलून राह्यली व्हती, पन पोरगी जागची हालली नाही. सुनेले असंच वळण पायजे."

बाबांनी गूळ वाटला. आईने रडत रडत खाल्ला. मीही खाल्ला. सिंधू गायीजवळच होती. तिला कोणी विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी

पंधरा तारखेला इथे खोटं लिहिलं. सिंधू उठली होती. पहिल्या गारेलाच उठली. सगळे वर पत्र्याकडे बघत होते, तेवढ्यात मी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. तिच्या दोन बांगड्या फुटल्या, तरी गारा थांबेपर्यंत सोडलं नाही.