दारात नेलेला कपडा

१८ नोव्हें.
शमीमच्या मुलीचं, निलोफरचं लग्न तीस तारखेला. आईची डाळिंबी साडी पेटीतून काढली, उन्हात घातली. शमीमच्या वडिलांच्या, चाचांच्या दुकानातली. मी अमरावतीहून, कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून सुट्टीला आले होते तेव्हा आईनं घेतली. शमीमची नि माझी ओळखही तेव्हाचीच, त्याच दुकानाच्या गादीवर. साडी अजून छान आहे, ब्लाउज मात्र काखेत विरलाय. नवा शिवायला हवा. चाचांचं दुकान असतं तर... आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात.
श.चा फोन: "तेच नेसजो बरं सुधा. अब्बाच्या दुकानचं." हो म्हटलं.

१९ नोव्हें., बुध.
स्टँड रोडच्या नव्या दुकानात गेले, साडी पिशवीत घेऊन. बसा, चहा घ्या, असं कोणी म्हणेल ही अपेक्षा नव्हतीच. पण गल्ल्यावरच्यानं मान तरी वर करावी. "मॅचिंग तिकडं." तिकडची मुलगी: "बजेट काय?" ब्लाउजपीसचं बजेट! आणखी छटा दाखव म्हटलं तर, "घ्याचं नक्की असंन तं काढतो काकू. लय जणी नुसत्या पाहून जातात." शेवटी एक घडी माझ्यापुढे टाकली. टाकलीच.
दुकानातल्या दिव्यांखाली सगळंच डाळिंबी दिसतं. म्हणून साडी नि पीस घेऊन दाराकडे निघाले. विचारसुद्धा केला नाही. चाचा नेहमी कपडा गिऱ्हाईकाच्या हातात देऊन दारात पाठवायचे. "बत्तीत नको बेटी, उन्हात पाहा."
पायरीवर पाय ठेवला असेल नसेल, मागून "ओ काकू! कुठं निघाल्या? ओ!" त्या मुलीनं मनगट धरलं. सगळे बघायला लागले. पिशवी काउंटरवर उलटी केली. गोळ्या, रुमाल, चष्म्याची डबी. मग तीच कोणाला तरी म्हणाली, "हे साडी बी आपलीच हाय का पाहा." आईची साडी.
तोंडून मराठी निघेना. इंग्रजी निघालं, शाळेतलं, सिस्टरांपुढे बोलायचो तसलं. तशी मॅनेजर धावत आला. "सॉरी मॅडम, बसा मॅडम, पाणी घ्या. आधी सांगायचं ना." आधी काय सांगायचं होतं?
पाणी प्याले. का प्याले? पीस तिथंच ठेवून आले.
एक लिहू की नको कळत नाही. चादरींच्या विभागात शमीम उभी होती. बुरखा, चेहरा उघडा. नजरानजर झाली. मग तिनं तोंड फिरवलं, चादर चाचपायला लागली.
ती नसेलही.

२० नोव्हें.
यांना सांगितलं. "तक्रार कर. नाहीतर ऑनलाइन मागव," पेपरातून डोकं न काढता. श.चं नाही सांगितलं.
मनगट दुखत नाही, तरी सारखी चोळते.
कपडा दारात का नेतात हे अख्ख्या रिसोडात कोणाला माहीत असेल तर तिला. "अहो, रंग पाहून राह्यली ते," एवढं म्हटलं असतं तरी. की तिलाही क्षणभर वाटलं की मी
छे.

२२ नोव्हें.
श.चा फोन. हॉल, बिर्याणीचा आचारी, नागपूरचे पाहुणे. मध्येच मी विचारलं, बुधवारी नव्या दुकानात होतीस का गं?
"मी? नाही बा. कायले जाऊ तिथं? लय माजले ते लोक."
माजलेत हे तिला कसं कळलं? सारं गावच म्हणतं म्हणा. तिचा आवाज नेहमीसारखाच. माझाच वेगळा असेल.
लग्नाला दुसरी साडी नेसले तर ती काय ते ओळखेल. हीच नेसले तर ब्लाउज कुठला? गेलेच नाही तर? निलोफरला मी अंगाखांद्यावर खेळवलंय.

२४ नोव्हें.
पुन्हा त्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेले. आत तीच मुलगी एका खेड्यावरच्या बाईला "हात नोका लावू" म्हणत होती. बाई म्हणाली, "पैसे देऊन घ्याले आली वो पोरी, मांगाले नाही!" मला त्या दिवशी हे का सुचलं नाही? पायरी न चढता परत आले.

२६ नोव्हें.
संध्याकाळी शमीम आली. लग्नघर सोडून. टेबलावर पुडी ठेवली. "घे, तुह्या ब्लाउजले."
तोच पीस. दुकानात डाळिंबीच्या कितीतरी छटा होत्या, हिनं नेमका माझ्या हातातला आणला.
"हाच कसा कळला तुला?"
ती घडी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "तू इंग्रजीत बोलली, तं तुले पाणी भेटलं. मी मंधात पडली असती तं मले काय भेटलं असतं? अन् माह्या हातात तं त्याइची चादर होती, बिना बिलाची."
आणि हसली. मी नाही हसले. मग हसले. कशाला हसलो कोण जाणे.
मला राग आहे का? होता. आता कोणावर, ते सापडत नाही.
"जमते का पाहय," म्हणाली. मी उठून साडी नि पीस दारात नेले. ती मागे येऊन उभी राहिली, अगदी तिच्या वडिलांसारखी, एक हात चौकटीवर. पण ऊन उतरलं होतं. दोन्ही कपडे काळपट दिसले.
"जमते नं?"
"सकाळी सांगते."
चपला घातल्या तरी ती जाईना. शिंपी म्हणतो, उद्या कपडा आला तरच लग्नापर्यंत होईल. तिला ते सांगितलं नाही. तिलाही माहीत असेल.
साडी आणि पीस दाराजवळच्या खुर्चीवरच ठेवलेत, एकावर एक.