हवाबंद घर

१ नोव्हेंबर
आजपासून हीटिंग सुरू. नोव्हेंबर लागायच्या आधी बॉयलर लावणारी माणसं नाजूक. आपण यॉर्कशायरचे. हिल्डा सप्टेंबरपासून दोन स्वेटर घालून कुरकुरतेय. घर तापवणारा आमचा गॅस बॉयलर बैठकीच्या फायरप्लेसमागे, आमच्या लग्नाइतकाच जुना. तिला नवा हवाय. तीन कंपन्यांची माहितीपत्रकं मागवली. निवड शास्त्रशुद्ध होईल.

४ नोव्हेंबर
माहितीपत्रकं वाचली. सगळे गळ्यात मारायला बसलेत. माझं निदान: दोष बॉयलरचा नाही, घर गळतंय. आधी फटी बुजवायच्या. मग कदाचित नवा बॉयलर लागणारही नाही.

९ नोव्हेंबर
दारं, खिडक्या, टपालाची फटसुद्धा बंद. पोस्टमनने शिव्या घातल्या. मुख्य चोर आज सापडला: बैठकीच्या भिंतीत, खाली, विटेएवढी जाळी. सरळ बाहेरचा वारा आत! हिल्डा म्हणाली, "अरे क्लिफ, कुणीतरी ती मुद्दामच ठेवली असेल ना?" मुद्दाम कसली, गवंड्याचा आळस. बस डेपोत आयुष्य काढलंय, कामचुकार माणसं मला वासावरून कळतात. जुनी वर्तमानपत्रं कोंबली, वर प्लास्टर, वर रंग. कुठे भोक होतं ते मलाही सापडेना.

१२ नोव्हेंबर
मेणबत्ती घेऊन घरभर फिरलो. ज्योत जराही हलत नाही. टाळ्या वाजवायला कुणी नाही. हिल्डा डोकं धरून बसलीये. रंगाचा वास, म्हणे.

१८ नोव्हेंबर
मांजर घरात यायला तयार नाही. पावसात कुंपणावर बसतं. एवढी ऊब कुणासाठी केली?

२३ नोव्हेंबर
हिल्डा दुपारभर झोपलेली. उठवलं तर उलटी. संध्याकाळी तिच्या बहिणीबरोबर, एडनाबरोबर, बिंगो खेळायला गेली आणि एकदम टुणटुणीत होऊन आली! म्हणजे डोकं फक्त घरात दुखतं. आणखी काय पुरावा हवा? नव्या बॉयलरसाठी नाटक. वर म्हणते, "एडनाबरोबर बाहेर पडलं की श्वास घेता येतो रे." इथे श्वासाला काय तिकीट आहे?

२९ नोव्हेंबर
आता माझंही डोकं जड. तिचं बघून बघून. नवा बॉयलर रद्द, माहितीपत्रकं कचऱ्यात. थंडी कडाक्याची. हीटिंग दिवसभर चालू.

४ डिसेंबर, रविवार
एडना जेवायला यायची आहे. रोस्ट अजून ओव्हनमध्ये गेलेला नाही. हिल्डा बैठकीत जमिनीवरच बसलीये. ऊठ म्हटलं. उठते म्हणाली. उठली नाही. मीही जरा टेक

७ डिसेंबर, हॉस्पिटल
एडनाने खिडकी फोडली. नवी रबरी पट्टी लावलेली. डॉक्टर म्हणतात, बॉयलरला जळायला हवा पुरली नाही, विषारी वायू खोलीतच साठला. ती जाळी त्यासाठीच होती. त्या वायूला वास नसतो. वासच नाही तर माणसाला कळणार कसं? हिल्डा पलीकडच्या वॉर्डात. अजून शुद्धीवर नाही. नर्सला मेणबत्तीची चाचणी सांगणार होतो. नाही सांगितली.

२० जानेवारी
नवा बॉयलर बसला. सगळ्यात महागडा. हा बाहेरून हवा घेतो, याला जाळी लागत नाही. तरी मी ती फोडून उघडली. हिल्डा हॉस्पिटलमधून परस्पर एडनाकडे गेली, अजून तिथेच आहे. तिच्या हाताचं थरथरणं थांबत नाही. तिला शब्द चटकन आठवत नाहीत. फोनवर सांगितलं, घर छान उबदार झालंय. "हो का," म्हणाली. एडना बरीच ढवळाढवळ करते, पण वसंतापर्यंत हिल्डा परत येईल. नक्की.

११ फेब्रुवारी
हिल्डा चहाला आली. एका अटीवर. बाहेर बर्फ, नवा बॉयलर पूर्ण जोरात आणि घरातली एकूण एक खिडकी सताड उघडी. कोट काढला नाही. दाराजवळच्या खुर्चीत बसली, कप दोन्ही हातांनी धरून. मांजर कुंपणावरून आत आलं आणि तिच्या मांडीवर चढलं. मी बॉयलर किती गॅस वाचवतो ते सांगायला लागलो. ती बराच वेळ भिंतीतल्या जाळीकडे बघत होती.
"क्लिफ," ती म्हणाली, "मला घरी जायचंय."
एडना बाहेर मोटारीतच थांबली होती. मांजरही गेलं.
खिडक्या अजून लावल्या नाहीत.