केळ्यावरचा ठेचा

रविवार, संध्याकाळ. ढाणकी.

आज पल्लवीले पाहायले उमरखेडचे पाहुणे आलते. मुलाच्या आईनं विचारलं, "पोरी, तुले खायले काय आवडते?" मी मनात म्हणलं, पुरणपोळी म्हण बाई. तं ही म्हणे, "केळ्यावर मिरचीचा ठेचा." सारे हसले. पोरीनं मान खाली घातली नाही. "आई बी खाते," म्हणे, "लपून."

हिले कसं माहीत? सासरी हसतील म्हणून लग्नापासून चोरूनच खाल्लं मी. होकार देतील का ते लोक? नाही देला तं नाही. पोर माही हाय.

आत्ता जेवताना सासूबाईसमोरच केळं सोललं, वरून ठेचा घेतला. त्या पाहतच राह्यल्या. मी बी मान खाली घातली नाही.