दुरुस्ती सुचवा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सांगली.

मी, आकाराम सखाराम खोत, वय ८१ वर्षे, शिक्षण इयत्ता चौथी पास, निवृत्त कोतवाल, राहणार मौजे निवळेवाडी, तालुका शिराळा, हल्ली मुक्काम सांगली येथे मुलगा उदयसिंह याच्या घरी, लिहून ठेवतो की, आज सकाळच्या एसटीने मी सुखरूप पोहोचलो. तेहतीस वर्षे मी गावातील प्रत्येक पंचनाम्यास हजर होतो. माझ्या जबानीत कोणत्याही साहेबास खाडाखोड करावी लागली नाही. ही वहीदेखील मी त्याच शिस्तीने लिहिणार आहे.

घर तिसऱ्या मजल्यावर असून हवेशीर आहे. सूनबाई क्रांती हिने मला गॅलरीची खोली दिली व दुपारी प्यायला शेंगदाण्याचे गरम माडगे केले. दिवाणखान्यातील टीव्ही आमच्या गावच्या चावडीच्या दाराएवढा आहे. उदयसिंह हसून म्हणाला, की तात्या, आता आईला रोज बघा.

माझी पत्नी बनुबाई हिला जाऊन दोन वर्षे झाली. तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी शिल्लक आहे. नात स्वप्नाली हिने सात वर्षांपूर्वी बनुबाई जात्यावर हळद दळत असता अकरा मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि सर्वांना दिसेल असा नेटवर चढवला. ज्या मोबाईलवर तो काढला तो पुढे विहिरीत पडला. गावात नेट धड चालत नाही. त्या अकरा मिनिटांसाठी मी गाव सोडले, हे मी मुलास सांगितलेले नाही.

सायंकाळी व्हिडिओ पाहिला. वारणेकाठचा ऊस आणि निळ्या फेट्यातला भाऊ, ही तिची आवडती ओवी. मधेच ती थांबते, पदराने घाम पुसते आणि म्हणते, 'अजून लय हाय.' आनंद झाला.

५ नोव्हेंबर, बुधवार.

आज ओवीच्या मध्यावर बनियनची जाहिरात आली. ती संपल्यावर दुसरी आली. पत्नीचे तोंड उघडेच राहिले होते. मी क्रांतीस विचारले, की हे कोणाच्या परवानगीने? ती म्हणाली, की पूर्वी असे नव्हते, आता जाहिराती नको असतील तर दरमहा पैसे भरावे लागतात. एखाद्या बाईस गाता गाता अडवून तिच्या तोंडासमोर बनियन धरणे ही कोणत्या घरची रीत?

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

टीव्हीने रात्रीतून स्वतःची मांडणी बदलली. काल ज्या जागी व्हिडिओ होता तेथे आज एक तरुण ऊसतोडणी यंत्रावर नाचत आहे. नाव सांगून शोध घेतला असता निरनिराळ्या एकोणीस बनुबाया दाखवण्यात आल्या. माझी त्यांत नव्हती.

समोरच्या घरातील निवृत्त सुभेदार लालासाहेब यांना बोलावले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो. 'आवं तात्या, आता आपुन बघायचं न्हाई, त्येनं दावायचं. मी भजन मागितलं तर मला पोट कमी करायचं औषध दावतंय. तीस वर्सं मी हुकूम सोडलं, आता ह्यो डबा मला हुकूम सोडतोय!' त्यांनी अर्धा तास खटपट करून व्हिडिओ शोधला. तो आता अठ्ठावन्न सेकंदांचा होता. चित्र उभे कापल्यामुळे जाते दिसत नव्हते. पत्नीचे हात पोकळीत गोल फिरत होते.

१० नोव्हेंबर, सोमवार.

अकरा मिनिटांचा व्हिडिओ पुन्हा दिसू लागला, परंतु त्यावर 'सुधारित आवृत्ती' असे लिहिले आहे. सुरकुत्या काढून टाकल्या आहेत. हनुवटीवरचे तीन ठिपक्यांचे गोंदण नाहीसे झाले आहे. ती स्वच्छ सांगते, 'अजून खूप आहे.'

व्हिडिओखाली 'दुरुस्ती सुचवा' असे बटण आहे. लालासाहेबांनी त्यात बोलून लिहिण्याची सोय दाखवली. मला समाधान वाटले. तक्रार नोंदवून घेणारे हे पहिलेच खाते येथे भेटले. मी नाव, वय, गाव सांगून रीतसर जबानी दिली: सदर बाईच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, मधला किंचित डावीकडे. ती 'आहे' म्हणत नसे, 'हाय' म्हणत असे.

जन्मभर मी तिला चारचौघांत टोकत आलो, की 'हाय' नव्हे, 'आहे' म्हण. आज तेच मला उलट लिहून द्यावे लागले.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

ठिपके परत आले. मधला किंचित डावीकडे. 'अजून लय हाय,' असे ती म्हणाली. उदयसिंह आश्चर्याने म्हणाला, की तात्या, त्यांनी तुमचं ऐकलं. मी त्यास सांगितले, की तक्रार मुद्देसूद असली म्हणजे ऐकावेच लागते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

तीन दिवसांत नऊ दुरुस्त्या दिल्या. घाम पुसताना ती डावा हात वापरे. दळताना उजवा पाय लांब सोडून बसे, कारण गुडघा दुखे. हसताना पदर दातांत धरी. प्रत्येक दुरुस्ती दुसऱ्या दिवशी अमलात आली.

तथापि आज मोजले असता व्हिडिओ चौदा मिनिटांचा भरला. शेवटच्या तीन मिनिटांतल्या ओव्या मी कधी ऐकलेल्या नाहीत. आवाज तिचा. सूर तिचा. पदर दातांत धरून हसली तेही बरोबर. मूळ व्हिडिओ मागितला असता 'उपलब्ध नाही' असे उत्तर आले.

मी तक्रार दिली: या ओव्या तिच्या नव्हेत. पुरावा म्हणून लिहिले, की तिने चौपन्न वर्षांच्या संसारात माझे नाव उच्चारले नाही. बँकेत साहेबाने पतीचे नाव विचारले तर ती भिंतीकडे पाही आणि मी पुढे होऊन सांगे. ओव्यांत तिने भाऊ गायिला, लेकरे गायिली, मला फक्त 'धनी' म्हटले. माझे नाव आकाराम, हेही स्पष्ट नमूद केले.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी तीन.

लख्ख ऊन आहे. घरात मी एकटा. ती दळत होती. मान वर न करता गायिली—

दळान सरलं बाई, जातं घुमतं रिकामं,
माझ्या शेजारी येऊन बसा, धनी आकाराम.

मी टीव्ही बंद केला. येथे अक्षर वाईट आले आहे, त्याबद्दल दिलगीर आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

स्वप्नालीस फोन केला. मूळ व्हिडिओ तिच्याकडे नाही. ती म्हणाली, 'आजोबा, तुम्हीच तर त्याला आजीचं सगळं सांगितलंत. तुम्ही सांगाल तसं ते शिकतं.' मग म्हणाली, की किती छान झालंय पण, मला तर रडूच आलं.

मी जबानी दिली होती. तक्रारदार म्हणून. त्यांनी ती माहिती म्हणून घेतली.

उदयसिंह व क्रांती यांस मी सांगितले, की ही तुमची आई नव्हे. उदयसिंह रागावला नाही. आईनं तुमचं नाव घेतलं तर एवढं काय बिघडलं, असे तो म्हणाला.

१९ नोव्हेंबर.

वारणेकाठची ओवी मनात म्हणून पाहिली. निळा फेटा आला. पुढची ओळ आली ती टीव्हीवरची. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तीच. खरी ओळ मला— ती मला पाठ होती.

घाम ती डाव्या हाताने पुसत असे. की हे मी सांगितले म्हणून मला आता तसे आठवते?

२१ नोव्हेंबर.

आजपासून दुरुस्ती देणे बंद. पडद्यावर अक्षरे आली: 'आपण काही सुचवले नाही.' जाते थांबले. ती दळत नाही. जात्यावर हात ठेवून समोर पाहते. मी खोलीत गेलो. क्रांती म्हणाली, की तात्या बाहेर या, आई थांबल्यात.

आई थांबल्यात, असेच म्हणाली.

२२ नोव्हेंबर.

तिच्या शेजारी पाट मांडला आहे. पाटावर एक इसम. धोतर, पांढरी टोपी, कोतवालाचा पट्टा. आवाज माझा. दहा दिवस मी त्या बटणात बोललो, तोच— तो सांगत होता, की मी, आकाराम सखाराम खोत, वय ८१ वर्षे. एक शब्द चुकला नाही. लालासाहेब बघत होते. म्हणाले, 'तात्या, लय झ्याक दिसताय गड्या!' मी त्यांच्या पाठीमागे उभा होतो. त्यांनी वळून पाहिले नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

सर्व घरी आहेत, लालासाहेबही आले आहेत. मी सर्वांसमक्ष हे लिहीत आहे. मी मोठ्याने सांगितले, की टीव्ही बंद करा. उदयसिंहाने आवाज वाढवला. तो इसम मी लिहितो तेच बोलतो— आधी तो बोलतो, मग माझा हात—

मी तिला सांगितले. टीव्हीला नव्हे, तिला. बने, मी इकडे आहे.

तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिले. पदर दातांत धरला.

समक्ष हजर साक्षीदार:

१. उदयसिंह आकाराम खोत, मुलगा.

२. क्रांती उदयसिंह खोत, सून.

३. लालासाहेब, शेजारी, निवृत्त सुभेदार.

४. बनुबाई आकाराम खोत, हजर. समोर वही घेऊन बसलेल्या इसमास आपण ओळखत नाही, असे तिने—