२०२३ ला कोण जिंकलं?

प्रिय जान्हवी,

पत्र बघून दचकू नकोस. आई बरी आहे, माझं बीपीही ताब्यात आहे. फोन असताना बाबा पत्र का लिहीत बसले, तेही घरी न पाठवता तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर, असं तुला वाटेल. सांगतो. पण मी रिटायर माणूस, मुद्द्यावर यायला वेळ लागतो.

जुन्या जालन्यात सगळं तसंच आहे. राधेश्यामच्या कापड दुकानात संध्याकाळी मंडळी जमतात, आणि "आपली अंपायर कवा येणार?" असं तो रोज मला विचारतो. कसोटीची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, कोरोनाच्या त्या वर्षी, तेव्हा तू मास्क लावून त्याच्याकडे आईच्या साडीचा फॉल आणायला गेली होतीस. सगळे हळहळत होते, की पावसासाठी तो राखीव सहावा दिवस ठेवला नसता तर न्यूझीलंड जिंकलंच नसतं, ट्रॉफी आपलीच होती. तू फॉल हातात धरून म्हणालीस, आपली नाही, सामना अनिर्णित राहिला असता तर दोघांत वाटून मिळाली असती. कारभारीकाका चिडले, तर तू मोबाईलवर नियमच काढून दाखवलास. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. माझ्या पोरीला कोणी गप्प करू शकत नाही, याचा मला केवढा माज होता.

२०२३ ला त्याच चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाने आपल्याला दोनशे नऊ धावांनी हरवलं. शेवटच्या दिवशी सात विकेट हातात होत्या आणि लंचच्या आधीच सगळं आटोपलं. तू आमरसाला हात लावला नाहीस, मीही लावला नाही, आणि आईने आपल्या दोघांनाही फैलावर घेतलं.

पुढच्या वर्षी तुझं लग्न झालं. मग गेल्या जूनमध्ये, इतकी वर्षं ऐन वेळी कच खाणारी दक्षिण आफ्रिका लॉर्ड्सवर हीच ट्रॉफी जिंकली. मी आनंदाने फोन केला, तर तू म्हणालीस, बघितलाच नाही बाबा, कामं होती. म्हटलं, संसार आहे, चालायचंच. संक्रांतीला आलीस तेव्हा चहात साखर किती, एवढं विचारलं तरी तू आधी पार्थरावांकडे बघत होतीस. तेही मी बाजूला सारलं.

परवाच्या फोनचं मात्र सारता येईना. पार्थराव शेजारी होते, स्पीकर चालू होता. बोलता बोलता ते म्हणाले, २०२३ ची चॅम्पियनशिप आपणच जिंकली. मी हसून म्हणालो, जान्हवीला विचारा. तर तू म्हणालीस, "हे म्हणतात तेच बराबर आहे बाबा. माझ्या ध्यानात न्हाई राह्यलं." मागून ते हसले. माणसं विसरतात, मीही हल्ली चष्मा विसरतो. पण तू हे विसरणार नाहीस. मला भीती वाटते आहे, जान्हवी. एवढी साधी गोष्ट जिथे तुला खरी बोलता येत नाही, तिथे बाकीचं काय चालत असेल, हा विचार डोक्यातून जात नाही. आईही परवापासून धड जेवलेली नाही.

तू काही सांगायची गरज नाही, फोनवर तर नाहीच. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. रविवारी मी राधेश्यामची गाडी घेऊन तुमच्याकडे तीर्थपुरीला येतो. आईने केलेले लाडू द्यायला आलो, असं म्हणेन. चहा होईल, इकडचं तिकडचं बोलणं होईल, आणि मग सगळ्यांसमोर मी तुला विचारीन, २०२३ ला कोण जिंकलं. भारत म्हणालीस, तर चहा संपवून निघेन आणि पुढच्या रविवारी येऊन पुन्हा तेच विचारीन. ऑस्ट्रेलिया म्हणालीस, तर बॅग भरत बसू नकोस. चपला घाल आणि गाडीत येऊन बस.

कायम तुझ्याच बाजूचा,
बाबा