पाळणाघरासाठी माझा सशस्त्र लढा

३ जून, सकाळी ६
एकट्याने पोरं वाढवणाऱ्या आयांनो आणि बापांनो! तुटपुंज्या पगारातून वर या म्हणत आपल्याला वेल्डिंगचा फुकट कोर्स देतात. वर्ग सुटतो सातला, आणि इथली पोरं सांभाळायची खोली बंद होते पाचला. मधले दोन तास लेकरं काय खुंटीला टांगायची?
(भाषणाची सुरुवात. जबरदस्त. आरशासमोर म्हटली. सात वर्षांची लेक म्हणाली की बाबा, आधी दात घासा.)
संकल्प : महिन्याअखेर परीक्षा पास, गोदामातली हमाली बंद. राग आवरणे.

३ जून, संध्याकाळ
भाषण झालं. भरात टेबलावर मूठ आपटली. तिथे नुकताच जोडलेला पत्रा होता. हाताला फोड. वर्गातल्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्या ताईंनी पाणी ओतलं आणि म्हणाल्या की भाऊ, खोली सांभाळणाऱ्या बाईंना कुणी नुसतं विचारलंय का?
विचारणं म्हणजे भीक! टाळ्या पडल्या नाहीत. जाड हातमोज्यांत त्या वाजत नाहीतच.

५ जून
राग आवरला. सव्वापाचपर्यंत.
रखवालदार खोलीला कुलूप लावत होता. वेल्डिंगची खपली उडवायच्या हातोड्याने मी ते फोडलं. दुसरा घाव त्याच्या खांद्यावर बसला. तो मध्ये आला, यात दोष व्यवस्थेचा. त्याने माझं नाक फोडलं. क्रांतीला रक्त लागतंच. लेक भिंतीला चिकटून बघत होती. अभिमानाने असणार.

६ जून
मास्तर म्हणाले की पुन्हा हात उगारलास तर तुझं नाव कापतो. आणि हजेरी पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षा विसर. म्हणजे वेल्डरचा दाखला नाही, आणि आयुष्यभर पोती. घाबरलेत मला.

९ जून
उद्यापासून वर्गावर बहिष्कार! सगळ्यांनी माना हलवल्या. ताईंनी आडवी हलवली, पण हलवली.

१३ जून
बहिष्कार शंभर टक्के यशस्वी. मी रोज फाटकाबाहेर. बाकीचे अकरा जण आत जातात, ते व्यवस्था आतून पोखरायला.
एक टेम्पोवाला, तोही एकटा बाप, म्हणाला की नेते, सरका, वर्गाला उशीर होतोय. गद्दार! कॉलर धरली. त्याने मला उचलून गटारात टाकलं. गटार उथळ होतं, म्हणून विचार खोल करता आला : लढा चालूच.

१८ जून
विजय! खोली आता सातपर्यंत उघडी. ताई म्हणतात की त्यांनी बाईंना विचारलं; बाई म्हणाल्या की पाळीपाळीने एकेकाने थांबा आणि किल्ली घ्या. दोन मिनिटांचं काम. असेल, पण वातावरण कुणी तापवलं?

२३ जून
मास्तरांनी हजेरीची वही दाखवली. माझ्या नावापुढे फुल्याच फुल्या. पुढची तुकडी सहा महिन्यांनी. मी टेबल उलथायला गेलो. ते जमिनीला बोल्टने पक्कं. कंबर गेली. नेत्याला दाखला लागत नाही.

२९ जून, दुपार
लेकीने ताईंच्या पोराच्या डोक्यात लाकडी ठोकळा घातला. चार टाके. त्याने बाहुली दिली नाही, एवढंच.
मी तिला चांगलं फटकवणार होतो. हात वर नेला. ती रडली नाही. दोन्ही हात डोक्यावर घेऊन, डोळे मिटून, सवयीने खाली बसली. मी तिला आजवर कधी मारलेलं नाही. ही सवय तिला माझे उगारलेले हात बघून लागली.
हात खाली घेतला. कुठे ठेवावा कळेना.
उद्या परीक्षा. ताईंचं पोर घरी, टाके घातलेलं. जवळ बसायला कुणी नाही, म्हणून ताई जाणार नाहीत असं टेम्पोवाला सांगत होता.
गड्या, उद्या सकाळी आठला ताईंच्या दारी जा. भाषण नको. पोराजवळ बसतो म्हण, आणि त्यांना परीक्षेला पाठव.