तारेच्या वेटोळ्यातली ओल

श्रावण शु. ९, शके १७८६. अमरावती
अकोल्याच्या तारघरातून पेटी आली. गणपत शिपायानं बैलगाडीनं आणली, वर घोंगडं. घोंगडं चिंब, पेटी कोरडी. त्याचं घोंगडं मीच पिळून ओसरीवर टाकलं. आत यंत्रातलं वेटोळं; तांब्याच्या तारेवर रेशीम. पावसाळी हवेनं रेशमात ओल धरलीय. ओलं जोडलं तर वीज मधेच झिरपते, तारेतून काही येत नाही. साहेब लिहितात, जमलं तर तारघराची सगळी दुरुस्ती तुमच्याकडे. घड्याळं कुणी न शिकवता शिकलो, हे काय!

शु. १०
पेटी जमिनीवर, खाली गरम रेतीची परात. जास्त ताप नको, रेशीम करपेल. संध्याकाळी पेटीच्या तोंडाशी गार आरसा धरला. वाफ नाही. कोरडं! धूळ बसू नये म्हणून खोली सारवून घेतली, दार लावलं.

शु. ११
सकाळी आरशावर वाफ. कुठून? पुन्हा रेती. संध्याकाळी कोरडं. सारवलं, दार लावलं.

शु. १२
सकाळी पुन्हा तेच. अकोल्याहून दुसरा निरोप: कापसाचे दलाल मुंबईच्या भावासाठी दारात बसून आहेत.

शु. १३
साहेबांना पत्र धाडलं. ओल खोलवर आहे, वाटेत गणपतनं पेटी झाकली नसावी. मग 'नसावी' खोडून 'नाही' केलं.

शु. १४
सौ. संध्याकाळी शेणाची पाटी घेऊन दारात. "रोज मले सारवाले लावता, अन् सकाळी ओल कुठून आली म्हून इचारता?"
"तुले यंत्रातलं काय कळते?"
"यंत्रातलं नाई कळत. जमिनीतलं कळते."
ती गेल्यावर हात टेकून पाहिला. कालचं सारवण अजून गार.

पौर्णिमा
कालच पेटी माळ्यावर नेली. सारवण बंद. काल रात्रभर, आज दिवसभर, आरसा लख्ख. सौ.नं शेणाची पाटी पालथी घालून ठेवली.

वद्य ४. अकोला
पेटी मांडीवर घेऊन आलो. तारघराच्या पायरीवर गणपत, अंगात सरकारी कोट नाही.
"काका, साहेब म्हणते घरी जा. घोंगडं टाकलं होतं न म्या? तुमीच तं पिळलं."
"पाहू," म्हणालो. आत गेलो.
वेटोळं जोडलं. पहिल्या झटक्यात मुंबईचा भाव आला. दलालांचा गलका. साहेबांनी पाठ थोपटली. उद्या सकाळी नेमणुकीचा कागद.
बाहेर आलो तेव्हा तो तिथंच बसलेला. पायरीवरून उतरायला मला त्याच्या अंगावरूनच जावं लागलं.
उद्या कागद घेण्याआधी साहेबांना सांगायचं, की घोंगडं…